एनआयसीयूतली अंगाई : एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अंगाई हा वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या श्वासाला एक आधार आहे, असं मी, तिथली नर्स, लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्रपाळीनंतर वाचली. घाईत काहीतरी लिहून टाकायचं नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी बसले आहे. तुम्ही लिहिलंत, "माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली. श्वास घ्यायची थांबायची, निळी पडायची. तिला कॅफिनने आणि सीपॅपने वाचवलं, गाण्याने नाही. गर्भसंस्काराच्या सीड्या विकणारे आता एनआयसीयूत शिरणार आणि तुमच्यासारख्या सिस्टर त्यांना दार उघडून देणार."

शेवटचं वाक्य लागलं. पण ज्याने आपल्या लेकराला निळं पडताना पाहिलंय, त्याला रागवायचा हक्क आहे.

श्वासाला चालना द्यायला औषध म्हणून देतात ते कॅफिन आणि नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप, यांबद्दल आपलं दुमत नाहीच. वेळेआधी आलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी ते हवं तेवढं जागं होत नाही. श्वास वीस सेकंदांच्या वर थांबतो, ठोके उतरतात, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरतं. कॅनडातल्या डॉ. बार्बरा श्मिट यांच्या गटाने 500 ते 1250 ग्रॅम वजनाच्या दोन हजारांवर बाळांचा अभ्यास 2006 साली छापला. कॅफिन मिळालेल्या बाळांचा मशीनचा आधार साधारण आठवडाभर आधी सुटला. अंगाईच्या नावावर असा एकही पुरावा नाही. आणि मॉनिटर वाजला की आमच्यापैकी कोणी गात बसत नाही. इन्क्युबेटरच्या, म्हणजे बाळाच्या काचपेटीच्या, खिडकीतून हात आत जातो, पाठीवरून बोटं फिरतात, तळव्याला हलकी टिचकी. मान थोडी सरळ करायची. तरी उचल खाल्ली नाही तर अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी.

मी लिहिलं होतं ते त्याच्या पलीकडच्या तासांबद्दल. बाळ स्थिर आहे, औषध चालू आहे, तेव्हा त्याच्या कानावर काय पडावं? कारण गर्भाच्या पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास त्याला ऐकू यायला लागलेलं असतं.

न्यूयॉर्कच्या जोआन लोवी यांनी 11 एनआयसीयूंमधल्या 272 बाळांवर काम केलं, ते 2013 साली प्रसिद्ध झालं. त्यांनी सीडी लावली नव्हती. बारीक मणी भरलेली एक गोल चकती असते, ती फिरवली की पोटातल्या पाण्यासारखा आवाज येतो. संगीतोपचार करणारे थेरपिस्ट बाळाच्या छातीकडे बघत, त्याच्या श्वासाच्या लयीत ती हलवायचे. आईबाबांनी निवडलेलं गाणंही त्याच बेताने, सावकाश म्हटलं जायचं. ठोके शांत झाले, झोपेत फरक पडला. बॉस्टनला 14 बाळांना त्यांच्या स्वतःच्या आईचा आवाज आणि हृदयाचे ठोके मोजून-मापून ऐकवले, तर श्वास थांबण्याचे आणि ठोके उतरण्याचे प्रसंग घटले. ठळक फरक गर्भधारणेपासून मोजून तेहेतीस आठवड्यांपुढच्या बाळांत दिसला. चौदाच बाळं, हे मीही विसरत नाही. 2023 मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणारी संस्था) 25 अभ्यास, 1532 बाळं एकत्र तपासली तेव्हा ऑक्सिजन काही वाढलेला दिसला नाही. हृदयाची गती मात्र नंतर शांत राहिली. म्हणून मी 'आधार' म्हटलं, 'उपचार' नाही, आणि त्या शब्दावर मी आजही ठाम आहे.

(जिनिव्हातल्या एका अभ्यासात बाळांनी सर्वात जास्त दाद दिली ती गारुड्याच्या पुंगीला! तो अभ्यास मेंदूच्या जडणघडणीचा होता, श्वासाचा नाही, म्हणून इथे फक्त आनंदापुरता.)

गर्भसंस्काराच्या सीड्यांची भीती तुम्हाला वाटते तशीच मलाही वाटते. आमच्याकडे एका आजोबांनी प्रेमापोटी मोबाइलवर श्लोक लावून तो फोन बाळाच्या उशाशी ठेवायचा हट्ट धरला होता. त्यांना नाही म्हणताना मलाच वाईट वाटलं. पण टोरंटोच्या डॉक्टरांनी बाळांना झोपवायची 14 यंत्रं पूर्ण आवाजावर मोजली, तर 30 सेंटीमीटरवरून सगळीच 50 डेसिबलच्या वर गेली, तीन तर 85च्याही वर. एनआयसीयूत 45च्या आत राहा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 1997 पासून सांगते आहे. अचानक मोठा आवाज झाला की बाळ दचकतं आणि सॅच्युरेशन तिथल्या तिथे उतरतं. इन्क्युबेटरच्या डोक्यावर फाइल आपटली, खिडकी धाडकन लावली, तरी तेच होतं. त्यामुळे वॉर्डात गाणं आणण्याआधी आवाज कमी करायला हवा. अलार्म वाजला की बाळाला बघून तो लगेच शांत करायचा, राउंडच्या गप्पा बाहेर, चपला न वाजणाऱ्या. याला पैसा लागत नाही, तरी हेच सगळ्यात अवघड जातं.

मग उरते ती आई. कांगारू केअरमध्ये बाळ तिच्या उघड्या छातीवर असतं, आणि ती हलकेच गुणगुणते तेव्हा आवाज कानाने आणि कातडीनेही पोचतो. बऱ्याच बाया लाजतात, "सिस्टर, मला सूर नाही" म्हणतात. मी सांगते, नुसतं बोला, घरी कोण वाट बघतंय ते सांगा. बाळाने भुवया आवळल्या, बोटं फाकवली, उचकी लागली, तर गप्प बसायचं. त्याला पुरे झालंय. हे ओळखायला आईला चार दिवसांत येतं. तीच गोष्ट बाबांची. तुम्हाला त्या दिवसांत कोणी आत बसवून "बोला तिच्याशी" म्हटलं नसेल, तर ते व्हायला हवं होतं.

एक विचारायचं राहिलं. मुलगी आता आठ महिन्यांची आहे म्हणालात. तिची बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, झाली का? एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला नुसती ओएई, म्हणजे फक्त आतला कान तपासणारी चाचणी, पुरत नाही, कानाच्या नसेतला दोष त्या चाचणीत सुटू शकतो. झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. कोणती अँटिबायोटिक्स दिली होती ते ऑडिओलॉजिस्ट विचारतील.