प्रतिक्रियेला उत्तर : पाणी ऊस पितो, मग आम्ही फ्लश का दुरुस्त करायचा?

नमस्कार. घरातल्या पाणीबचतीवरचा माझा लेख तुम्हाला 'मध्यमवर्गाने स्वतःची घातलेली समजूत' वाटला. तुमचे आक्षेप दोन. राज्याचं पाणी उसात जातं, तिथे आमच्या नळाने काय फरक पडणार? आणि बादल्या भरून ठेवायचं काम शेवटी घरातल्या बाईच्या नाहीतर कामवाल्या मावशींच्या गळ्यात पडतं.

उसाबद्दल वाद नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दुष्काळी भागात ऊस आणि साखर कारखाने कसे फोफावले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दात घासताना नळ बंद केल्याने ते बदलत नाही, आणि तसं भासवणाऱ्या जाहिरातींचा मलाही वैताग येतो.

पण पुण्याच्या कडेच्या सोसायट्या बघा. पालिकेचं पाणी पुरेनासं झालं की टँकर मागवतात. तो बऱ्याचदा जवळच्या गावातल्या विहिरीवर नाहीतर बोअरवर भरून येतो. म्हणजे आपल्या संडासात गळतं ते पाणी त्या गावचं, आणि पैसे आपले. इथे ऊस मध्ये येतच नाही.

तेवढ्यासाठीच लेखात मी फ्लशच्या टाकीवर इतकं लिहिलं. टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका (कुंकू नको, घरातली मोठी माणसं रागावतील) आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. किती गळतं तेही कळतं : अँगल कॉक (टाकीला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा, पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने खूण करा, तासाभराने बघा. दहा लिटरची टाकी तासात निम्मी झाली, तर दिवसाला १२० लिटर गेले. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष आहे. तेव्हा घरात एक न दिसणारा पाहुणा मुक्कामाला आहे म्हणा ना. चाळीस घरांपैकी दहा घरी असं गळत असेल, तर आठ दिवसांत दहा हजार लिटरचा जवळजवळ अख्खा टँकर गटारात. आवाज नाही, फरशी ओली नाही, त्यामुळे कुणी प्लंबरला बोलावतही नाही.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही यातच आहे. वॉशर एकदा बदलला की कुणाला काही उचलावं लागत नाही. नळाच्या तोंडाला एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) लावला तरी तेच. उलट आरओचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरचं) वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं आणि ती मावशींनी लांबच्या बाल्कनीपर्यंत न्यायची, हे मलाही पटत नाही. मोरी शेजारीच असेल आणि ज्याची त्याने उचलायची असेल, तर धरा. कुंड्यांना मात्र ते रोज घालू नका, मातीत क्षार साठतात.

खरं तर धरणाचं गोडं पाणी येतं तिथे आरओ बसवायचंच बहुधा कारण नसतं. एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर सोडून द्यायचे, तेही ज्यात क्षार मुळातच कमी आहेत अशा पाण्यातले! साध्या यूव्ही फिल्टरवर भागतं. बोअरचं खारट पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी.