‘गावचं जनावर मोकळंच बरं’ या मेसेजला उत्तर

पावसाच्या तोंडावर आमच्या देवगडकडच्या बहुतेक वाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. थोडक्यात असा: कुत्रा-मांजर ही गावची जनावरं, त्यांना रात्रंदिवस मोकळं सोडा. बिबट्या, साप, समुद्र यांचं त्यांना उपजत कळतं. साप चावलाच तर जखमेत हळद भरा. गावठी जातीला लस लागत नाही. गोचीड झाली तर समुद्रात बुचकळून काढा. शहरातले लाड गावात आणू नका. मला तो वाडीतल्या तिघांनी पाठवला, कारण माझा कुत्रा टिप्या आणि दोन मांजरांसाठी दिवेलागणीला मी घालत असलेल्या हाका सगळ्यांच्या कानावर असतात.

त्यातलं एक आधीच मान्य करते. माडाला दिवसभर साखळीने बांधलेला कुत्रा बघवत नाही. तो चिडका होतो, गळ्याला व्रण पडतात, उन्हात सावली फिरली तरी त्याला फिरता येत नाही. मोकळीक हवीच. माझं भांडण ‘रात्रंदिवस’ या शब्दाशी आहे.

‘बिबट्याची चाहूल कुत्र्याला आधी लागते.’ लागते ना. पण चाहूल लागली की आपला कुत्रा लपत नाही, भुंकत पुढे धावतो. घर राखायचं त्याच्या रक्तातच आहे आणि तेच त्याला नडतं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तिथला मुलूख उसाचा, आपला काजू-आंब्याचा, पण वस्तीला लागून राहणारा बिबट्या दोन्हीकडे तोच. त्याला कुत्रा म्हणजे घराच्या मागच्या दारी मिळणारं सोपं भक्ष्य. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, रात्री बांधून ठेवलेला कुत्रा तर त्याहून सोपा, त्याला पळताही येत नाही. म्हणजे मोकळा सोडणं आणि बाहेर बांधणं, रात्री दोन्ही चूकच. दिवेलागण झाली की आत. आम्ही पडवीला खालपासून वरपर्यंत जाळी मारून घेतली आणि दाराला आतून कडी लावली. रात्री बाहेर न्यायची वेळ आलीच तर पट्टा हातात, बॅटरी पुढे. मच्छीची आतडी आणि कोंबडीची पिसं घराजवळ टाकायची नाहीत, त्या वासाला कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागून बिबट्या. तो वस्तीत दिसला तर पाठलाग आणि आरडाओरडा नको, वनखात्याचा 1926 हा नंबर लावा.

रानात आणखी एक मरण आहे, ते या मेसेजला ठाऊकच नाही. रानडुकरांसाठी बागेच्या वईला, म्हणजे कुंपणाला, लावलेली फासकी. मोटारसायकलच्या क्लच वायरची गोल गाठ, जमिनीपासून वीतभर उंच, गवतात दिसत नाही. माझी आधीची कुत्री दोन दिवस सापडत नव्हती. सापडली तेव्हा वायर कमरेत रुतलेली होती आणि ती जितकी ओढत होती तितकी वायर आवळत होती. पक्कड आणेपर्यंत तिच्या तोंडाशी पाणी धरून बसले होते. ती वाचली नाही. कुठल्याच जनावराला उपजत ज्ञानाने वायर ओळखता येत नाही.

आता साप. इथे मला सविस्तर लिहायचंय, कारण हळदीच्या सल्ल्याने जीव जातो. आपल्या कातळावर, सड्यावर फुरसं आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारला फुरशी मारण्यासाठी बक्षीस लावावं लागलं होतं, इतकं त्याचं प्रमाण. ते दगडाखाली बसतं, अंधार पडल्यावर हिंडतं, अंगाला अंग घासून करकर आवाज करतं. माणूस त्या आवाजाने मागे सरतो. कुत्रा तिथेच नाक घालतो. म्हणूनच कुत्र्यांना दंश बहुतेकदा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर होतो.

टिप्याला गेल्या वर्षी तसाच झाला. संध्याकाळी दगडी गडग्याजवळ एकदा किंचाळला आणि घरी आला तो नाकाडाची एक बाजू सुजवून. तासाभरात हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं. फुरशाचं विष रक्ताची गोठायची ताकदच काढून घेतं. शेजारच्या आबांनी प्रेमापोटी हळदीचा गोळा आणला, मी तो बाजूला ठेवायला सांगितला. टिप्याला चालू दिलं नाही, चादरीत घालून उचलून गाडीत ठेवलं. कापलं नाही, चोखलं नाही, पट्टी आवळली नाही. तालुक्याला डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग अलगद कलती केली. रक्त गोठलेलं असतं तर जागचं हललं नसतं, ते पाण्यासारखं वाहत काचेवरून खाली आलं. तेवढ्यावर निदान पक्कं झालं आणि सलाइनमधून प्रतिविष सुरू झालं. माणसाला देतात तेच हे औषध, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं. हळदीत यातलं काहीच नाही. आज टिप्या ठीक आहे. पण तुमच्या जवळच्या कुठल्या डॉक्टरांकडे प्रतिविष असतं, हे आजच विचारून ठेवा. रात्री नऊ वाजता फोन लावत बसायची ती वेळ नसते.

‘गावठी कुत्र्याला लस लागत नाही.’ आबांचंही हेच: “कुत्र्याक कसली लस?” गावठी कुत्री काटक असतात, हे खरंच. पण रेबीजच्या विषाणूला काटकपणा अडवत नाही. लक्षणं दिसायला लागली की कुत्रा काय, मांजर काय, माणूस काय, जवळपास कुणीच वाचत नाही. आणि लस उपयोगी पडते का, हे बघायला लांब जायला नको. बांदा ओलांडलं की गोवा. तिथे वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, भटक्या कुत्र्यांनाही जाळ्यात धरून लस टोचली आणि 2021 साली गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. ती कुत्रीही आपल्याच जातीची. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढे दरवर्षी. मांजरालाही. कुत्र्याच्या मिश्र लसीत लेप्टोची लस आहे का, तेही विचारा. उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग आपल्या भातशेतीच्या चिखलात दर पावसाळ्यात असतो आणि तो कुत्र्यालाही होतो.

‘गोचीड समुद्रात बुचकळून जाते.’ जात नाही. गोचीड कातडीत तोंड रोवून बसते, दोन डुबक्यांनी तिचं काही बिघडत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याइतकंच घरही साफ करावं लागतं. हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद झाली, कुत्रा जेवेना झाला तर तो गोचीडताप असू शकतो, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. घासलेट कधीच लावू नका, कातडी भाजते आणि चाटून ते पोटातही जातं. मांजर पाळणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा: कुत्र्याच्या गोचिडीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं तर झटके येऊन मांजर मरू शकतं.

आणि समुद्राचं त्यांना कळतं म्हणाल, तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, काय पडलेलं असतं ते बघा. फुगून चेंडू झालेला केंड तिथे टाकलेला असतो. त्याच्या विषावर उतारा नाही, शिजवूनही ते जात नाही. कुत्र्याला तो नुसता मासा वाटतो. तुटलेले गळ असतात, पाकटाचे काटे असतात. खारं पाणी प्यायलं की उलट्या होतात, म्हणून गोड्या पाण्याची बाटली बरोबर न्या. टिप्याला मी पुळणीवर सोडते, पण रापणीची माणसं निघून गेलेली असतील तिथे आणि माझी नजर पोचेल तेवढ्याच अंतरावर.

लाडांबद्दल एवढंच. जाळी, लस, वेळेवरची हाक आणि जमलं तर नसबंदी, म्हणजे माजावर आलेल्या कुत्रीमागे चार गावं हिंडणं थांबतं. याला मी लाड म्हणत नाही. आपलं घर राखणाऱ्याचं आपण केलेलं राखण आहे ते.

आबांनी परवा त्यांच्या काळीला लस टोचून आणली. काल दिवेलागणीला त्यांच्या खळ्यातूनही हाक ऐकू आली आणि काळी बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या दारातून, आत शिरली.