‘रबर काढा, कान वाचवा’ म्हणे!

रविवारी सकाळी मामीने फोन केला, "तुझ्या मामांच्या कानातलं गाणं मला स्वयंपाकघरात ऐकू येतंय, जरा येऊन बघ." इंदूरच्या रामबागेत पोचलो तर मामा घराबाहेरच्या ओट्यावर बसून अमीर खाँसाहेब ऐकत होते. आवाज शेवटच्या टोकाला, आणि दोन्ही इयरफोनची रबरं गायब. ती सुपारीच्या डबीत जपून ठेवली होती. का काढली म्हणून विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. मेसेज असा:

"सावधान! इयरफोनच्या रबरामुळे कानात व्हॅक्यूम होतो आणि बेसच्या दाबाने पडदा फाटतो. आवाज यंत्रातून येतो, रबर फक्त टोचू नये म्हणून असते. लहान-मधले-मोठे रबर म्हणजे मुले-बायका-पुरुष. फोमचे रबर आवाज पिऊन टाकते. रबर काढून ऐका, आवाज कमी वाटल्यास थोडा वाढवा. एका डॉक्टर मित्राने सांगितले आहे. पुढे पाठवा."

मामांनी तो इमानेइतबारे तीन ग्रुपवर पुढे पाठवलाही होता.

आधी पडदा. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला बारीक चढउतार, हे शाळेत सगळेच शिकलो. 100 डेसिबल हा इयरफोनमध्ये फारच मोठा आवाज, आणि त्यातला चढउतार असतो सुमारे 2 पास्कलचा. जिन्याची एक पायरी चढलात तरी हवेचा दाब साधारण तेवढाच बदलतो. इंदूरहून मानपूरचा घाट उतरून नर्मदेकाठच्या महेश्वरला जाताना आपण जवळजवळ 400 मीटर खाली येतो, म्हणजे चार हजार पास्कलच्याही वर फरक. कानात दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. मामांनी आजवर पन्नासेक वेळा तरी नर्मदास्नान केलं असेल. पडदे शाबूत आहेत.

यात अर्धं खरं काय आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. घट्ट रबर जोरात आत दाबलं की कानातली हवा क्षणभर दाबली जाते, आणि झटक्यात ओढून काढलं की पडद्याला ओढ बसते, कधी दुखतंही. म्हणून तर बऱ्याच इयरफोनच्या अंगाला हवा निसटायला सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं. हळू घाला, काढताना जरा फिरवून काढा, झालं. आणि रस्त्यावर दोन्ही कान बंद करून चालू नका. राजवाड्याच्या गर्दीत मागून येणारी ई-रिक्षा तशीही ऐकू येत नाही. पण मेसेजवाल्याला हे सांगायचंच नव्हतं.

त्याने सांगितलं ते "थोडा वाढवा". माझं डोकं फिरलं ते या दोन शब्दांनी. मोठ्या आवाजाने इयरफोनवाल्यांना इजा होते ती पडद्याला नाही. पडद्याच्या पलीकडे शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यातल्या केसांसारख्या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 मध्ये मिळून एक मानक जाहीर केलं. त्यात मोठ्या माणसांसाठी मर्यादा आहे 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला फक्त 5. मामा रोज तीन तास ऐकतात, म्हणजे आठवड्याचे 21. 83 वरही त्यांचा कोटा आठवडा संपायच्या आतच संपेल. त्यांचा आवाज नेमका किती होता ते मी मोजलं नाही, पण मामीला चुलीपाशी बंदिशीचे बोल कळत होते. पडदा वाचवायला निघालेला मेसेज माणसाला बहिरं करण्याचा रस्ता दाखवतो, आणि वर "पुढे पाठवा".

बरं, रबर काढल्यावर आवाज कमी का वाटतो? रबराने कान नीट बंद झाला की इयरफोन आणि पडदा यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन घनसेंटीमीटर हवा कोंडलेली राहते. इयरफोनची चकती इवलीशी, पण एवढ्याशा बंद हवेला दाबायला ती पुरते. फट राहिली की संथ हलणारी हवा, म्हणजे खालचे स्वर, मेसेजमधला तो बेस, त्या फटीतून आरामात बाहेर निघून जाते. वरच्या स्वरांची हवा इतकी भराभर मागेपुढे होते की तिला निसटायला सवडच मिळत नाही. त्यामुळे सगळं सारखं कमी होत नाही, फक्त खालचं जातं. चिरचिरणारं राहतं, भरीव जातं. मग माणूस ते भरीव शोधायला आवाज वाढवतो, आणि वाढतं काय? चिरचिरणारंच.

मामांना हे तबल्यावर समजावलं. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला झूमरा ताल लागला होता. रबराशिवाय ऐकला तर तबल्याच्या कडेची चाट टणटण वाजते आणि डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा. घुमारा नाही, मींड नाही. तानपुऱ्याची गंमत त्याहून वेगळी. काळी एक या पट्टीचा सा सुमारे 139 हर्ट्झचा, खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, 69 हर्ट्झवर. फट राहिली की हा मूळ स्वर बुडतो, पण जवारीमुळे (तार घोडीला घासून झणझणते ती) त्याच्या वरचे, आपोआप उमटणारे स्वयंभू स्वर इतके असतात की मेंदू खर्ज आहे असं समजून चालतो. म्हणूनच इतके दिवस मामांना काही बिनसलंय हे कळलंच नाही. "जरा कोरडं लागतंय, रेकॉर्डिंग जुनं ना," असं ते म्हणत होते. बिचारं रेकॉर्डिंग!

आता "आवाज यंत्रातून येतो, रबर टोचू नये म्हणून". मग ॲपलने 2019 च्या एअरपॉड्स प्रोमध्ये रबर नीट बसलंय की नाही ते तपासायची सोय कशाला दिली? त्यात एक तुकडा वाजतो, आतला माइक तो ऐकतो आणि कुठल्या कानातून गळती आहे ते फोन सांगतो. टोचणं मोजायला कोणी माइक बसवत नाही. शिवाय रबर किती आत जातं त्यावर 8000 हर्ट्झच्या आसपासचा एक उंचवटा इकडेतिकडे सरकतो. त्यामुळे तोच इयरफोन एकाला ‘स’ आणि ‘श’ला टोचरा वाटतो, दुसऱ्याला गोड. यंत्र तेच, भांडण रबराचं.

मुले-बायका-पुरुष? हसू की रडू? चपलांचा माप-तक्ता आहे का तो? सरासरीने बायकांच्या कानाची नळी किंचित लहान असते, एवढं खरं. पण एकाच माणसाचे दोन कानसुद्धा एका मापाचे असतीलच असं नाही. डाव्याला मधलं आणि उजव्याला मोठं चालतं, त्यात कुणाच्या पुरुषार्थाला धक्का बसत नाही.

फोमचं थोडक्यात. फोम वरची धार किंचित बोथट करतो, ते कबूल. बेस पीत नाही. उलट फुगून कानाच्या आकाराचा होतो, त्यामुळे बहुधा सगळ्यात चांगला बंद तोच करतो. त्याचे खरे दोष मेसेजमध्ये नाहीतच: मळ धरतो, सिलिकॉनसारखा खळखळून धुता येत नाही आणि काही महिन्यांत मरतो.

मग ओट्यावरच प्रयोग केला. डबीतून सुपारीचा भुगा झटकून मधली रबरं धुतली, पुसली, घातली. मामांना म्हटलं, "डग्ग्याकडे लक्ष ठेवा," आणि दोन्ही इयरफोन बोटाने हलकेच आत दाबले. दाबल्यावर बेस वाढला तर रबर लहान आहे असं समजायचं. डावीकडे काही फरक नाही. उजवीकडे मामा एकदम म्हणाले, "अरे, हा कुठून आला?" खोक्यातलं मोठं रबर उजव्याला चढवलं. आवाजाच्या पंधरा खुणा होत्या, त्या सहावर आल्या, आणि मामी आतून ओरडली, "बंद झालं का रे?"

त्याच दुपारी मामांनी ग्रुपवर लिहिलं, "सदर डॉक्टर मित्रांचे नाव व दवाखाना कळवावा." आज पाचवा दिवस. आतापर्यंत तीन नमस्कार आले आहेत आणि एक सुप्रभात.