तो राजीनामा नाहीये, निरोपाचं भाषण आहे

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून फिरतंय ते बघितलंत ना, आमदारसाहेब सभागृहात हात जोडून सगळ्यांचे आभार मानतायत आणि खाली लिहिलंय "राजीनामा दिला, विधान परिषद बरखास्त, स्टाफलाही घरी पाठवणार". अहो तीनही गोष्टी चुकीच्या आहेत.

ते विधान परिषदेचे आमदार, त्यांची ६ वर्षांची मुदत संपतेय एवढंच. परिषदेत ७८ जण असतात, दर २ वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात आणि जाणाऱ्यांना सभागृहात निरोप देतात, मग ते बोलतात, विरोधकांचंही कौतुक करतात (एरवी कधी करतात म्हणा!). विधानसभा बरखास्त होऊ शकते, परिषद होत नाही, ते कायमचं सभागृह आहे. आणि राजीनामा द्यायचा तर सभापतींना स्वतःच्या सहीने लेखी द्यावा लागतो, भाषणात आभार मानले म्हणून राजीनामा होत नाही. पुन्हा निवडून यायलाही त्यांना कोणी अडवलेलं नाही.

राहिला स्टाफ. सभागृहात खाली टेबलाशी बसून शब्द न शब्द टिपून घेणारे प्रतिवेदक, मार्शल, कागद पोचवणारे शिपाई, ही सगळी नरिमन पॉईंटच्या विधानभवनात विधिमंडळ सचिवालयाची माणसं, आमदार बदलला म्हणून त्यांची नोकरी जात नाही. साहेबांचा स्वतःचा पीए असतो त्याचं तेवढं वेगळं.

तेव्हा ज्यांनी पुढे पाठवलंय त्यांनी तिथेच हेही टाका प्लीज, नुसतं डिलीट करून गप्प बसू नका.