‘नेचर’ची चाळणी नेमकं काय चाळते?

नमस्कार. आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. ‘नेचर’ या नावाजलेल्या विज्ञान-साप्ताहिकात पेपर (शोधनिबंध) आला म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला असं नव्हे, हे माझं विधान आपल्याला खटकलं. आपलं म्हणणं असं की तिथे शंभरातले जेमतेम आठ पेपर टिकतात, रामन यांचं संशोधनही तिथेच छापलं गेलं, आणि इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा उल्लेख केला तो आकडा) उगाच एवढा मोठा नसतो; तेव्हा शंका घेणाऱ्यांना द्राक्षं आंबट आहेत.

आठ टक्क्यांचा आकडा साधारण बरोबर आहे. पण उरलेले ब्याण्णव चुकीचे असतात म्हणून गळतात, हे त्यातून निघत नाही. त्यातले बहुतेक परीक्षकांपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांपर्यंत, पोचतच नाहीत. पूर्णवेळ नोकरीवर असलेला विषय-संपादक पेपर वाचतो आणि दोन प्रश्न विचारतो: यात नवं काय, आणि या विषयाबाहेरच्या वाचकाला त्याचं काय? उत्तर पटलं नाही की पेपर परत. त्यात प्रयोग चोख असलेले कितीतरी पेपर असतात. ते पुढे दुसऱ्या जर्नलमध्ये छापूनही येतात. म्हणजे ही चाळणी मुख्यतः पेपरचं महत्त्व चाळते, खरेखोटेपणा नंतर.

जे पुढे जातात ते साधारण दोन-तीन परीक्षकांकडे. ते मजकूर, आकृत्या, आकडेवारी बघतात, जादा प्रयोग मागतात, आणि अशा दोन-तीन फेऱ्यांत वर्ष सहज जातं. पेपर त्यातून सुधारतो, हे निर्विवाद. पण परीक्षक प्रयोग पुन्हा करून बघत नाही. जेलचा (डीएनए किंवा प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात वेगळी करून दाखवणाऱ्या थराचा) फोटो दिला तर तो त्या प्रयोगाचाच आहे, असं धरूनच तो वाचतो.

नेमकं तिथेच फसतं. जपानच्या रिकेन संस्थेतले ‘स्टॅप’ पेशींचे दोन पेपर जानेवारी 2014 मध्ये आले. उंदराच्या पेशी सौम्य आम्लात ठेवल्या की त्या कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकतात, असा दावा होता. काही आठवड्यांतच इंटरनेटवरच्या वाचकांनी दाखवून दिलं की एका जेलमधली एक पट्टी दुसरीकडून आणून बसवलेली आहे, आणि काही छायाचित्रं प्रमुख लेखिकेच्या पीएचडी प्रबंधातली, वेगळ्याच प्रयोगाची आहेत. इतर प्रयोगशाळांना तो परिणाम मिळेना. जुलैत दोन्ही पेपर मागे घेतले गेले. त्या वेळी ‘नेचर’च्या संपादकीयाची भूमिका अशी होती, की पेपरांच्या मुळावर आलेले दोष संपादकांना किंवा परीक्षकांना पकडता आलेच नसते. मला ती प्रामाणिक वाटते. मी म्हणतोय तेही याहून वेगळं नाही.

आता रामन. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांची छोटी टिप्पणी ‘नेचर’मध्ये 31 मार्च 1928 ला आली, सविस्तर मांडणी कोलकात्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये झाली. त्या काळी ‘नेचर’मध्ये छापायचं की नाही हे संपादक ठरवी. बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवणं सक्तीचं झालं ते 1973 पासून. वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा डीएनएवरचा पेपरदेखील परीक्षकांविनाच छापलेला. उलट बाजू हवी असेल तर जीवरसायनशास्त्रज्ञ क्रेब्ज बघा: 1937 मध्ये त्यांचं सायट्रिक आम्लचक्राचं (पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात त्या प्रक्रियेचं) पत्र ‘नेचर’ने, आधीच सात-आठ आठवड्यांची पत्रं साठली आहेत म्हणून, परत पाठवलं. त्याच शोधाला पुढे नोबेल मिळालं. तेव्हा रामन यांचं उदाहरण कडक तपासणीच्या बाजूने उभं राहत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरची तर गंमतच आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन्स (इतर पेपरांनी संदर्भ म्हणून केलेले उल्लेख) भागिले त्या दोन वर्षांतले पेपर, म्हणजे साधी सरासरी. शिवाय बातम्या आणि संपादकीयं यांना मिळालेली सायटेशन्स वर मोजली जातात, पण खाली भागताना तो मजकूर धरत नाहीत. 2004 साठी ‘नेचर’चा आकडा 32.2 होता. त्यांनीच 2005 मध्ये तो फोडून दाखवला: 89 टक्के सायटेशन्स 25 टक्के पेपरांची! उंदराच्या जीनोमच्या एकट्या पेपरला 2004 मध्ये 522. सुमारे 1,800 पेपरांपैकी शंभरी ओलांडली फक्त 50 जणांनी, आणि बहुसंख्यांना वीसही मिळाली नाहीत. या सरासरीवरून एखाद्या उमेदवाराचा एक पेपर जोखणाऱ्या निवड समित्यांबद्दल काय बोलावं!

शेवटी आपण विचारलंत, ‘मग विद्यार्थ्याने विश्वास ठेवायचा कशावर?’ पेपरच्या पानावर आधी वरती ‘मागे घेतला’ किंवा ‘दुरुस्ती’ असा शेरा आहे का ते पाहावं. मग मुख्य आकृतीत नमुने किती, आणि ते वेगवेगळे प्राणी आहेत की एकाच प्राण्याची पुन्हापुन्हा मापं, हे तपासावं. चूक बहुतेकदा इथे सापडते. कच्चा डेटा कुठे ठेवलाय तो दुवा उघडून बघावा, नुसता ‘मागितल्यास देऊ’ असेल तर सावध व्हावं. मग परीक्षकांचे अहवाल. जून 2025च्या मध्यापासून ‘नेचर’कडे आलेल्या आणि पुढे छापलेल्या पेपरसोबत ते आपोआप प्रसिद्ध होतात, लेखकांच्या उत्तरांसकट, जुन्या पेपरांत लेखकांनी होकार दिला असेल तरच. परीक्षकाने मागितलेला कोणता प्रयोग लेखकांनी टाळला, ते तिथे कळतं. छापलेल्या पेपरांवर वाचक चर्चा करतात त्या ‘पबपीअर’ संकेतस्थळावर पेपरचं नाव टाकून कोणी आकृत्यांवर बोट ठेवलंय का, तेही बघावं.

पेपरच उघडत नसेल, तर कॉलेजच्या ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या जर्नल-वर्गणी योजनेबद्दल विचारा. 2025 पासूनच्या या योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्था येतात आणि प्रकाशकांच्या यादीत ‘स्प्रिंगर नेचर’ आहे.