बाबा परत येतात तेव्हा आपण कितवीत असतो

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ ह्या सायन्स फिक्शन मालिकेतला ‘द व्हिजिटर’ हा एपिसोड परवा रात्री परत बघितला आणि परत तिथेच रडले जिथे दरवेळी रडते. शेवटाला नाही. शेवटाला सगळेच रडतात, ह्या एपिसोडबद्दल लोक जे काय लिहितात ते बहुतेक शेवटाबद्दलच असतं. मी रडते मधल्या एका सीनला. बाप काही मिनिटांसाठीच परत आलाय आणि मुलाला विचारतोय, लिहितोस का, लग्न केलंस का, मुलंबाळं आहेत का. बस एवढंच. त्यावरच लिहायचंय, पोस्ट मोठी होणार आहे, स्पॉयलर भरपूर आहेत, पण एपिसोड ऑक्टोबर 1995 मधला आहे त्यामुळे एवढं चालून जावं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. बेंजामिन सिस्को हा एका अंतराळ स्थानकाचा कॅप्टन, बायको लढाईत गेलेली, मुलगा जेक, त्याला ह्या माणसाने एकट्याने वाढवलाय. जेक अठरा वर्षांचा, लेखक व्हायचंय, सारखा खोलीत बसून लिहीत असतो. तिथल्या वर्महोलमध्ये, म्हणजे अंतराळातल्या दोन लांबच्या ठिकाणांना जोडणाऱ्या बोगद्यात, पन्नास वर्षांतून एकदा घडणारं काहीतरी घडणार असतं आणि बाप म्हणतो चल, लिहिणं ठेव बाजूला, जरा डोकं वर काढ आणि बघ आजूबाजूला. जेक नाइलाजाने जातो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये अपघात होतो, विजेसारखा एक लोळ येतो आणि बाप मुलाच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. शरीर नाही, काही नाही. रीतसर श्रद्धांजली होते, लोक बोलतात, जेक बोलूच शकत नाही. आणि मग काही महिन्यांनी एका रात्री बाप खोलीत उभा असतो, जेमतेम दिसतो आणि जातो.

तर बाप मेलेला नसतो. तो सबस्पेसमध्ये, म्हणजे आपल्या जगाच्या पलीकडच्या कुठल्याशा अवकाशात, अडकलेला असतो आणि मधेमधे, काही मिनिटांपुरता, जेक जिथे असेल तिथे त्याच्याजवळ येतो. एकदा वर्षभराने, मग कित्येक वर्षांनी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बापासाठी मधला वेळ गेलेलाच नसतो. तो आत्ता गेला आणि आत्ता आला. आणि समोर त्याचा मुलगा दर खेपेला मोठा झालेला, मग प्रौढ, मग म्हातारा.

आता ज्यांच्या घरातलं कोणी बोटीवर आहे त्यांना ह्याच्यापुढे काही समजावून सांगायला नको.

माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते, खलाशी म्हणून लागले आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होऊन रिटायर झाले. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत आणि वर रत्नागिरी जिल्ह्यात तर गावंच्या गावं आहेत जिथे घरटी एक माणूस बोटीवर असतो. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पण नऊ महिने म्हणजे नऊच असं कधी नसायचं, रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आला नाही की साइन ऑफ, म्हणजे बोटीवरून सुटका, पुढे, आणि तो पुढे गेला की चतुर्थी गेली. आमच्याकडे गणपतीला बाबा असणं किंवा नसणं हे कुठल्या तरी परक्या बंदरात कोण वेळेवर चढला नि कोण नाही ह्याच्यावर ठरायचं. फोन शेजाऱ्यांकडे यायचा, मग आम्ही धावत जायचो आणि पलीकडून आवाज यायच्या आधी एक विचित्र शांतता असायची, लाइनला वेळ लागायचा, त्यामुळे दोघंही एकदम बोलायचो आणि दोघंही एकदम थांबायचो. मग पैसे संपायचे.

आणि बाबा आले की पहिला प्रश्न, “कितवीत गेलंस गो आता?”

त्यांना माहीत असायचं. पत्रात लिहिलेलं असायचं, आईने सांगितलेलं असायचं. पण ते गेले तेव्हाची मी त्यांच्या डोक्यात तशीच असायची आणि समोर दुसरीच कोणीतरी उभी असायची, वेणी घालणारी, चश्मा लागलेली, आणि तेवढ्या एका प्रश्नात त्यांना मधलं सगळं भरून काढायचं असायचं. लहानपणी मला राग यायचा त्या प्रश्नाचा. वाटायचं ह्यांना एवढंपण लक्षात राहात नाही. सिस्को त्याच्या सदतीस-अडतीस वर्षांच्या मुलाकडे बघत भराभर प्रश्न विचारतो ना, तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कॉलेजात होते, मावसभावाच्या हार्डडिस्कवर होता, आणि मला एकदम लख्ख कळलं की बाबांना आठवत नव्हतं असं नव्हतंच मुळी. त्यांच्याकडे वेळ कमी होता. ज्याच्याकडे वेळ कमी असतो तो मोठमोठं बोलत नाही, तो विचारतो कितवीत आहेस, जेवलीस काय, दात पडला तो परत आला काय.

सिस्को झालेल्या अ‍ॅव्हरी ब्रूक्सने हा सीन जो केलाय त्याला तोड नाही. ह्या माणसाला खरं म्हणजे विचारायला पाहिजे की मला इथून बाहेर कसं काढताय, मी कुठे आहे, माझं काय होणार. एरवी प्रत्येक सायन्स फिक्शनमध्ये हेच असतं, अडकलेला माणूस सुटायची धडपड करतो. इथे तो मुलाचं ऐकून घेतो. मुलगा सांगतो पुस्तकं छापून आली, लग्न झालं, आणि बापाच्या चेहऱ्यावर असा काही आनंद येतो की बस. तो स्वतःचा विचारच करत नाहीये. आणि तो नाहीसा झाल्यावर जेक नेमकं उलटं करतो. चाळिशीच्या आतच लिहिणं सोडतो, सबस्पेस मेकॅनिक्स शिकायला लागतो, बापाला सोडवायचं म्हणून, आणि त्या नादात बायको जाते, कोरेना, चित्रकार असते ती. पुढची कित्येक वर्षं त्याच्या आयुष्यात फक्त एक काम.

मग पन्नास वर्षांनी वर्महोलमध्ये परत तसंच होणार असतं, जेक जुन्या मित्रांना गोळा करतो, नॉग, बशीर, डॅक्स, सगळे म्हातारे झालेले, आणि अपघात झाला होता तेच जुनं जहाज, डिफायंट, घेऊन तिथे जातो. बाप भेटतो. आणि बापाला कळतं की पोराने लिहिणं सोडलं, बायको सोडून गेली, सगळं माझ्यापायी. तेव्हा तो रागावत नाही. तो फक्त म्हणतो आता सोड हे, अजून वेळ आहे, माझ्यासाठी तरी सोड, मला वचन दे. आणि जातो.

इथे टोनी टॉडबद्दल बोलायलाच पाहिजे. म्हातारा जेक त्याने केलाय आणि तेव्हा तो स्वतः फक्त चाळिशीचा होता. बापाचं काम करणारा ब्रूक्स खऱ्या आयुष्यात त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणजे दोघं जवळजवळ बरोबरीचे, आणि तरी शेवटच्या सीनला तो सुरकुतलेला माणूस बापाकडे मान वर करून बघतो तेव्हा अठरा वर्षांचा पोरगा दिसतो. मेकअपने म्हातारं करता येतं, पण म्हाताऱ्याच्या आतलं पोर मेकअपने येत नाही. टोनी टॉडला लोक भुताच्या सिनेमांमुळे ओळखतात, आणि स्टार ट्रेकवाले वॉर्फ ह्या पात्राचा भाऊ कर्न म्हणून. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा मी सगळ्यात आधी हा एपिसोड लावला होता. ह्या एपिसोडला ह्यूगोचं, म्हणजे सायन्स फिक्शनच्या मोठ्या पुरस्काराचं, नॉमिनेशन होतं 1996 ला, मिळालं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आता शेवट, कारण तिथेच माझं बाकीच्या फॅन्सशी पटत नाही. म्हाताऱ्या जेककडे एका पावसाच्या रात्री मेलानी नावाची मुलगी येते, नवीन लेखिका, तिला विचारायचं असतं की तुम्ही लिहिणं का थांबवलंत. (तिचं काम केलंय रेचल रॉबिन्सनने, ह्याच मालिकेत गॅरकचं काम करणारा अँड्र्यू रॉबिन्सन, त्याची मुलगी. खूप गोड केलंय.) जेक तिला सगळं सांगतो आणि शेवटी हेही सांगतो की त्याला आता उमगलंय, बापाला आपणच ओढून धरलंय, आपल्या दोघांत एक ताणलेला दोर आहे. बाप जवळ असताना तो दोर कापला, म्हणजे नेमका त्याच वेळी जेक मेला, तर बाप मागे फेकला जाईल, त्या अपघाताच्या क्षणाला, आणि वाचेल. बाप त्याच रात्री येणार असतो. जेकने मरायचं औषध आधीच घेतलेलं असतं.

लोक म्हणतात मुलाने बापासाठी प्राण दिले, केवढा त्याग. मला हे वाचलं की हुरहुर लागते, कारण असं म्हटलं की अर्धी गोष्ट गळून पडते. जेकने बापाचं ऐकलेलं असतं! तो परत लिहायला बसलेला असतो, मरायच्या आधी एक अख्खं पुस्तक पूर्ण करतो आणि त्याची हस्तलिखित प्रत मेलानीच्या हातात देतो. बापाने जे मागितलं ते त्याने दिलं. आणि मगच, ते दिल्यावर, स्वतःला जे पाहिजे ते केलं. बाप विचारतो माझ्यासाठी कशाला केलंस हे, तर तो सांगतो तुमच्यासाठी आणि त्या मुलासाठी जो मी होतो. मला हे दुसरं जास्त खरं वाटतं. तो सत्तरीचा माणूस त्या अठरा वर्षांच्या पोराला विसरलेलाच नाही, जो श्रद्धांजलीच्या वेळी बोलू शकला नाही. त्याला त्या पोराला एकटं सोडायचं नाहीये. हा त्याग नाही, हा हट्ट आहे, बाप परत पाहिजे म्हणून पन्नास वर्षं धरलेला, आणि तो मला मनापासून पटतो. कारण आम्ही बोटीवाल्यांच्या मुलांनी असा हट्ट कधी केलाच नाही. आम्हाला शिकवलेलं होतं, बाबा आपल्यासाठीच गेलेत. ते खरंच होतं. कौलं गेली, स्लॅब आला, मी शिकले, सगळं त्यांच्यामुळे. पण खरं आहे म्हणून पोरांना राग येत नाही असं थोडंच आहे. 2020 मध्ये कोविडमुळे जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही बोटीवर अडकून पडले होते, माझा मावसभाऊ त्यातलाच, आणि इकडे त्याचा छोटा मुलगा व्हिडिओ कॉलवर बाप दिसला की फोन उलटा करून ठेवायचा. सगळे त्याला ओरडायचे, असं नाय करूचा, बाबाक वायट वाटता. मी त्याला एकदाही ओरडले नाही.

ह्या वेळी बाबांना सोबत बसवलं. आधी नको म्हणत होते, मग बसले, मी मधेमधे थांबवून सांगत होते. इंजिनरूमच्या सीनला म्हणाले, “एवडी मोठी बोट आणि कॅप्टन सोता इंजिनात कित्याक जाता?” प्रश्न बरोबर आहे. मग मात्र गप्प झाले. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “बापाशीन सांगितला ता झिलान आयकूक होया होता.” त्यांचं म्हणणं असं की बाहेर असलेल्या माणसाला एकच गोष्ट धरून ठेवते, ती म्हणजे घरचं सगळं नीट चालू आहे, शाळा चालू, शेती चालू, दिवा लागतोय. ते थांबलं असं कळलं तर तो तिथे कशाच्या जोरावर उभा राहणार. म्हणून सिस्कोने सोड म्हटलं तेव्हाच जेकने सोडायला पाहिजे होतं, आणि शेवटी जे केलं ते तर नाहीच नाही. मी म्हटलं बाबा, पण त्या पोराचं काय, त्याला बाप नको होता का? ते म्हणाले होतो गो, पण पोर जिता रवाक होया. हे ते ज्या पद्धतीने म्हणाले ना, त्याच्यावर मला काही बोलता आलं नाही. पण मी मत बदललेलं नाही. आम्ही दोन दिवस ह्याच्यावर वाद घालतोय, जेवताना, बाजारातून येताना, आणि आमच्या दोघांमध्ये एवढं बोलणं मला तरी आठवत नाही.

आई सगळं ऐकत होती. तिने एपिसोड अर्धाच बघितला होता, भात लावायला उठली होती. ती आज सकाळी म्हणाली, “ता ऱ्हवांदे. त्या बायलेचा काय झाला?” म्हणजे कोरेनाचं. आणि मी खरंच थांबले, कारण एवढ्या वेळा बघून हा प्रश्न मला पडलाच नव्हता. गॅलिन गोर्गने ते काम केलंय, दोनतीन सीन असतील, हसतमुख, नवऱ्याच्या पुस्तकाचं कौतुक असलेली, आणि मग ती गोष्टीतून निघूनच जाते. जो माणूस घरात बसूनही घरात नाही त्याच्याबरोबर ती किती वर्षं राहिली असेल? आणि जेकने शेवटी काळच मागे फिरवला म्हणजे ती दोघं आता भेटतीलच असं नाही, तिचं लग्न, तिची वाट बघण्यातली वर्षं, सगळंच पुसलं गेलं, आणि तिला कोणी विचारलंपण नाही. बाबांनी घरचं चालू पाहिजे म्हटलं, मी पोराचं काय म्हटलं, पण घर चालू ठेवणारीचं आम्ही दोघांनीपण काढलं नाही. आता मला कोरेनाचा एक अख्खा एपिसोड पाहिजे. बोटीवाल्यांच्या घरातल्या कोणी हा एपिसोड बघितला असेल तर कमेंटमध्ये सांगा, जेकने केलं ते बरोबर की बाबा म्हणतात ते, आणि बघितला नसेल तर घरच्यांना घेऊन बघा, सीझन 4, आधीचं काही माहीत नसलं तरी कळतं.