महाग सुरी, आजीवन वॉरंटी आणि गोव्यातले स्वयंपाकघर

‘सुरीची किंमत हाच तिचा दर्जा, आठ-दहा हजारांची विदेशी सुरी एकदा घेतली की ती गंजत नाही, तिला धार लावावी लागत नाही आणि आजीवन वॉरंटी असल्याने पुढे काहीच खर्च येत नाही,’ असा मजकूर सध्या गोव्यातल्या पाककलेच्या गटांतून फिरत आहे. तो वाचून नवा संसार मांडणारी मुले कर्जाऊ हप्त्यांवर सुऱ्या घेऊ लागली आहेत, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा किमतीचा. जर्मन पद्धतीच्या बहुतेक सुऱ्यांत सुमारे ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वापरतात. याच जातीचे पोलाद पत्र्यातून कापून काढलेल्या स्वस्त सुरीतही असते आणि ठोकून घडवलेल्या महाग सुरीतही; जास्तीचे पैसे बहुतांशी घडाई, तोल, मूठ आणि नाव यांचे असतात. जपानी ‘व्हीजी-१०’ पोलादात कार्बन सुमारे १ टक्का असतो आणि त्याची कठीणता रॉकवेल मापावर ६०च्या आसपास भरते, तर जर्मन सुरीची ५६ ते ५८. जास्त कठीण पाते धार अधिक काळ धरते हे खरे; पण ते ठिसूळही असते, आणि इसवणाच्या (सुरमईच्या) मधल्या काट्यावर किंवा गोठवलेल्या मांसावर चालवले तर त्याच्या धारेचे टवके उडतात. ज्या घरात रोज मासळी कापली जाते, तिथे मऊ आणि स्वस्त पातेच अधिक शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्यावर लाटांसारखे दिसणारे दमास्कस नक्षीचे थर तर शोभेपुरतेच असतात, कारण कापते ते आतले पोलाद.

गंजाविषयीचे विधानही चुकीचे आहे. स्टेनलेस पोलाद गंजाला विरोध करते, परंतु मिठातल्या क्लोराइडमुळे त्यावर बारीक खड्डे पडतात. खारवलेली मासळी किंवा मीठ लावलेली आमसुले हाताळून पाते तसेच ओले ठेवले, तर आपल्या पावसाळ्यात डाग पडतातच. धार तर प्रत्येक सुरीची जाते, आणि कडाप्प्याच्या ओट्यावर किंवा काचेच्या फळीवर कापल्यास ती लवकर जाते.

राहिली वॉरंटी. ‘आजीवन’ वॉरंटी साधारणपणे पोलादातल्या आणि घडणीतल्या दोषांपुरती असते; झीज, गंज, तुटलेले टोक, चुकीच्या वापराने उडालेले टवके आणि धार लावणे तिच्यात सहसा येत नाही. शिवाय अधिकृत विक्रेत्याचे बिल नसेल तर ती मिळणे कठीण होते, म्हणून खरेदीआधी अटी वाचाव्यात, वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता पाहावा आणि बिल जपून ठेवावे. खरा दोष असूनही विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, विक्रेता परराज्यातला असला तरी, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.